कोयता हातात येण्याआधीची चार वर्षं : शहरी गुन्हेगारीत ओढल्या जाणाऱ्या मुलांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पुण्यातल्या पालकांचे, शिक्षकांचे आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांचे आहेत. उदाहरणंही बरीचशी पुण्यातलीच घेतली आहेत. मुंबई, नागपूर, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वाचकांना त्यातलं पुष्कळ ओळखीचं वाटेल.

‘कोयता गँग’ नावाची एखादी टोळी आहे का?

नाही. २०२२ च्या अखेरीपासून पुण्यात कोयते नाचवत गाड्या फोडण्याच्या, दुकानदारांना धमकावण्याच्या घटना लागोपाठ घडल्या आणि बातम्यांमधून हे नाव रूढ झालं. प्रत्यक्षात ती वेगवेगळ्या वस्त्यांमधली चार-सहा पोरांची टोळकी होती. त्यांचा एकमेकांशी संबंध असलाच तर खुन्नसचा. कोयता सगळ्यांच्या हातात दिसतो कारण तो स्वस्त आहे, ऊसतोडीचं आणि नारळाचं हत्यार म्हणून उघड विकला जातो आणि शर्टाच्या आत मावतो. जानेवारी २०२३ मध्ये पोलिसांनी बोहरी आळीतल्या एका दुकानातून शंभराहून जास्त कोयते जप्त केले. कोयता विकताना गिऱ्हाईकाचं आधार कार्ड घ्यावं, अशा सूचनाही दुकानदारांना मिळाल्या. त्याने थोडा वचक बसला असेल, पण ज्याला हत्यार हवंच आहे त्याला घरातली सुरीही पुरते.

मुलांमधली गुन्हेगारी खरंच एवढी वाढली आहे का?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये देशभरात अल्पवयीन मुलं आरोपी असलेले ३१,१७० गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी देशात एकूण नोंदले गेलेले गुन्हे ६० लाखांच्या वर होते. म्हणजे मुलांचा वाटा साधारण अर्धा टक्का. २०२२ मध्ये मुलं आरोपी असलेल्या गुन्ह्यांचा आकडा ३०,५५५ होता. तेव्हा ‘मुलांनी शहर ताब्यात घेतलंय’ हे खरं नाही.

पण एवढ्यावर निश्चिंतही होता येत नाही. अशा गुन्ह्यांत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही राज्यं वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकावर आहेत. पकडल्या गेलेल्या मुलांपैकी तीन चतुर्थांश १६ ते १८ वयाची आहेत. बहुतेक जण आईवडिलांबरोबर राहणारे आणि दहावीच्या आत शिक्षण थांबलेले. बेघर, अनाथ मुलं त्यात फार थोडी. ही तुमच्या-आमच्या गल्लीतली, रात्री घरी जेवायला येणारी मुलं आहेत.

शेवटी सगळं गरिबीमुळेच होतं ना?

हे उत्तर मला मान्य नाही. गरीब घरांचा त्यात अपमान आहे. जनता वसाहतीत, दांडेकर पुलाजवळ, रामटेकडीला, अप्पर इंदिरानगरला हजारो मुलं दहा बाय दहाच्या खोलीत वाढतात आणि त्यांतली जवळजवळ सगळी सरळ वाटेने जातात. पहाटे पेपर टाकतात, भाजीच्या गाडीवर बसतात, बहिणीला क्लासला सोडतात. गरिबी हेच कारण असतं, तर एवढ्या वस्त्यांतली बोटावर मोजण्याइतकीच पोरं का वळली असती?

गरिबीमुळे एक गोष्ट मात्र नक्की होते : चुकीला जागा उरत नाही. सोसायटीतला मुलगा नववीत नापास झाला, तर क्लास लागतो, वेळ पडल्यास शाळा बदलते. वस्तीतला मुलगा नापास झाला, की तो घरी बसतो. सोसायटीतल्या मुलाची मारामारी मुख्याध्यापकांच्या खोलीत मिटते, वस्तीतल्याची चौकीत लिहिली जाते. शिवाय पुण्यात दोन्ही जगं अगदी खेटून आहेत. खराडी, मगरपट्टा, बाणेरच्या काचेच्या इमारतींमध्ये आई झाडू मारते, बाप रात्रपाळीचा वॉचमन असतो, आणि मुलगा त्याच फाटकाबाहेर आईची वाट बघत उभा असतो. आत काय आहे हे त्याला रोज दिसतं, पण आत जायचं कसं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मग नेमकं बिघडतं कुठे?

चौदा ते अठरा या चार वर्षांत. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त बोलायचं आहे ते याच वर्षांबद्दल.

शिक्षण हक्क कायदा, २००९ मुलाला ६ ते १४ वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत धरून ठेवतो. महापालिकेच्या बहुतेक शाळा सातवी-आठवीला संपतात. पुढे नवी शाळा शोधायची, दाखला काढायचा, फी, गणवेश, बसचा पास. वाचायला अडखळणारा मुलगा नववीत एकदम उघडा पडतो. आठवीपर्यंत त्याला बहुतेकदा कुणी अडवलेलं नसतं आणि कुणी नीट शिकवलेलंही नसतं. दिवाळीनंतर त्याचं नाव हजेरीपटावर राहतं, तो मात्र वर्गात नसतो.

आता काम बघू. धोकादायक उद्योगांत १८ वर्षांखालच्या मुलाला ठेवायला कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. वाहन परवाना नाही, म्हणून डिलिव्हरीचं काम नाही. एजन्सीवाले अठरा पूर्ण झाल्याचा पुरावा मागतात. उरतं ते गॅरेज, चहाची टपरी, मांडव, केटरिंग, लग्नसराईतलं वाढप्याचं काम. आज आहे, उद्या नाही. पगार ठरलेला नसतो आणि शिवी मात्र ठरलेली असते.

म्हणजे शाळेने सोडलं आणि कामाने धरलं नाही. याच वयात अंगात रग येते, मित्रांच्या नजरेत आपण कोण आहोत हाच जगातला सर्वांत मोठा प्रश्न होतो. सकाळी सहाला आई धुण्याभांड्याला गेलेली, बाप कामावर नाहीतर दारू पिऊन पडलेला, घर तापलेल्या पत्र्याचं. मुलगा दिवसभर बसणार कुठे? कोपऱ्यावर. आणि कोपऱ्यावर कुणीतरी आधीच बसलेलं असतं.

‘भाई’ मुलांना जाळ्यात कसं ओढतो?

धमकावून नाही. तो नावाने हाक मारतो. घरी ‘काय कामाचा नाही’ आणि शाळेत ‘मागच्या बाकावरचा’ असलेल्या मुलाला कुणीतरी पहिल्यांदाच ‘काय भावा, कुठं असतो आजकाल?’ म्हणून विचारतं. मग चहा, वडापाव, गाडीवरून एक चक्कर. वाढदिवसाला चौकात केक, फ्लेक्सवर खालच्या रांगेत का होईना, फोटो. दहीहंडी आणि गणपतीच्या मिरवणुकीत हातात मंडळाची दोरी.

पहिलं काम अगदी फुटकळ असतं. एक पाकीट पोचवायचं. अमका किती वाजता घरी येतो ते बघायचं. भांडण झालं तर नुसतं मागे उभं राहायचं. या ‘उभं राहण्या’तच मुलगा अडकतो, कारण गुन्हा नोंदवताना मागे उभ्या असलेल्यांचीही नावं येतात.

पुढचा भाग कमी बोलला जातो, पण खरी गाठ तिथेच बसते. मुलगा पकडला जातो. आईला कायदा कळत नाही, कोर्टाचा पत्ता माहीत नाही. वकील भाई लावतो. जामिनाची व्यवस्था भाई करतो. घरी किराणा पाठवतो. मुलगा बाहेर येतो तेव्हा त्याच्या डोक्यावर असं कर्ज असतं, ज्याचा हिशेब कुठे लिहिलेला नाही आणि जे कधी फिटत नाही. पुढचं काम त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. ज्यांना या मुलांसाठी काही करायचं आहे त्यांनी सर्वांत आधी या जागी उभं राहावं, असं मला कळकळीने वाटतं. पहिल्या अटकेच्या रात्री मोफत वकील आणि एक शहाणा माणूस त्या आईपर्यंत पोचला, तर भाईची अर्धी ताकद तिथेच संपते.

टोळ्यांना अल्पवयीन मुलंच का हवी असतात?

ती स्वस्त असतात, परिणामांचा विचार करत नाहीत आणि लवकर सुटतात. ‘तू अजून अठराचा नाही, तुला काही होत नाही’ हे वाक्य मुलांच्या कानात पद्धतशीर भरवलं जातं.

हे करणाऱ्या मोठ्यांसाठी कायदा चांगला कडक आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ८३ नुसार मुलांचा बेकायदा कामासाठी वापर करणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ नुसार मुलाला गुन्ह्यासाठी कामाला लावणाऱ्याला किमान तीन आणि कमाल दहा वर्षांची कैद आहे. मुलाने तो गुन्हा केलाच, तर तो स्वतः केल्यासारखी शिक्षा त्या माणसालाही होते. मुलांच्या टोळक्याची प्रत्येक बातमी वाचताना एक प्रश्न विचारायला हवा : यांच्यामागचा मोठा माणूस कोण, आणि त्याच्यावर ही कलमं लागली का?

हे आत्ताच सुरू झालं का? पूर्वी असं नव्हतं?

पूर्वीही होतं. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद होत गेल्या. लालबाग, परळ, भायखळ्याच्या चाळींमध्ये आजोबा गिरणीत, बाप गिरणीत आणि मुलगा ‘बदली’ (गैरहजर कामगाराच्या जागी) म्हणून लागणार हे गृहीत असायचं. ती साखळी तुटली. व्यायामशाळा, मंडळ, कबड्डीचा संघ या जागा होत्या तशाच राहिल्या, पण पोरांच्या आयुष्यातली सकाळची पाळी गेली. त्याच दशकात गिरणगावातल्या टोळ्यांना तरणीबांड मुलं हवी तेवढी मिळू लागली. रोजगार गेल्यावर पोकळी रिकामी राहत नाही, हे मुंबईने चाळीस वर्षांपूर्वी बघितलं आहे.

पुण्यात तर पैसा वाढतोय. मग जमिनीच्या पैशाचा काय संबंध?

फार जवळचा. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. हिंजवडी, मुळशी, वाघोली, मांजरीच्या पट्ट्यात शेतीचे गुंठे झाले. गुंठ्यांचे पैसे आले, गाड्या आल्या आणि काही घरांत ते पैसे पाच-सात वर्षांत संपले. जमीन गेली, शेतीचं काम गेलं, आणि आयटीत नोकरी मिळेल एवढं शिक्षण झालेलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला जमिनीचा ताबा मारणं, ताबा सोडवणं, बांधकामावर वाळू-खडी मीच पुरवणार म्हणून दमदाटी करणं, यासाठी पोरांची गरज निर्माण झाली. अशा कामात दहशत हेच भांडवल, आणि ते उभं करायला वीस पोरं आणि चार गाड्या पुरतात. इथली काही मुलं गरीब घरातली नव्हतीच, म्हणूनही गरिबीचं सरसकट उत्तर मला पटत नाही.

सगळा दोष मोबाईलचा आणि रील्सचा आहे, असं नाही का?

रील्समुळे भांडणं पेटतात हे खरं आहे. पूर्वीची खुन्नस गल्लीत राहायची. आता स्टेटसवर धमकी पडते, शे-दोनशे लोक बघतात आणि उत्तर न दिलेला मुलगा सगळ्यांसमोर ‘पडतो’. तलवारीने केक कापतानाचा व्हिडिओ हीच एक पदवी होऊन बसते.

पण मुलं हे शिकली कुठून? फेब्रुवारी २०२१ मध्ये पुण्यातला एक टोळीप्रमुख तळोजा तुरुंगातून सुटला, तेव्हा गाड्यांच्या ताफ्यासह द्रुतगती मार्गावरून त्याची मिरवणूक निघाली. पोलिसांनी नंतर गुन्हे नोंदवले, पण तोवर ते व्हिडिओ प्रत्येक वस्तीतल्या मोबाईलवर पोचले होते. मोठ्यांनी रस्त्यावर जे मिरवलं तेच पोरं मोबाईलवर मिरवत आहेत. निवडणुकीच्या प्रचारात अशाच लोकांना गाडीवर शेजारी उभं करणारे पुढारीही त्यांना दिसतात.

नशेचा भाग किती?

बराच. व्हाइटनर आणि सोल्युशनपासून सुरुवात होते, मग गांजा, झोपेच्या गोळ्या. मराठवाड्यात या गोळ्यांना ‘बटण’ म्हणतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मेफेड्रोन या अमली पदार्थाचा प्रचंड साठा सापडला, तेव्हा हा धंदा किती जवळ येऊन ठेपला आहे ते सगळ्यांना कळलं. नशा केलेला मुलगा एरवी जे करायला धजला नसता ते करून बसतो. नशेच्या पैशासाठी मोबाईल हिसकावणं सुरू होतं. पालकांनी हे शिक्षेचं नव्हे तर उपचाराचं प्रकरण समजावं. मारून नशा सुटत नाही.

ठरावीक समाजांची मुलंच जास्त का पकडली जातात?

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसह कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. सोलापूरला तारेच्या कुंपणातली ‘सेटलमेंट’ त्यातूनच उभी राहिली. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण संशय रद्द झाला नाही. चोरी कुठेही होवो, या विमुक्त जमातींच्या पालांवर आधी चौकशी होते. जिथे जास्त शोधलं जातं तिथे जास्त सापडतं आणि आकडेही तिथेच फुगतात. आडनाव किंवा पत्ता बघूनच उचलल्या गेलेल्या मुलाला एक धडा नीट मिळतो : काही केलं काय, नाही केलं काय, सारखंच.

कल्याणीनगरच्या पोर्श अपघातातल्या मुलाला निबंध लिहायला सांगून सोडलं. गरिबाच्या मुलाला असं सोडलं असतं का?

१९ मे २०२४ च्या पहाटे दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला आणि काही तासांतच ३०० शब्दांच्या निबंधासह इतर अटींवर जामीन मिळाला. लोकांचा संताप रास्त होता. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली, तेव्हा तो आणखी वाढला.

मात्र जामीन हा कायद्याचा नियमच आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे मुलाला जामीन द्यायचा असतो. सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल किंवा न्यायाला बाधा येईल, असं दिसलं तरच नाकारता येतो. खुपणारी गोष्ट अशी, की तीच सवलत मिळायला वस्तीतल्या मुलाला आठवडे लागतात, कारण त्याच्यासाठी पहाटे धावून येणारं कुणी नसतं. श्रीमंत मुलाला मिळालेली तत्परता काढून घ्या, ही माझी मागणी नाही. ती प्रत्येक मुलाला मिळावी, आणि पुराव्यांशी खेळायची मुभा कुणालाच मिळू नये.

सोळा वर्षांवरच्या मुलांना मोठ्यांसारखीच शिक्षा का देत नाहीत?

काही गुन्ह्यांत देता येते. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे, उदाहरणार्थ खून किंवा बलात्कार, त्यात १६ ते १८ वयाच्या मुलाची बाल न्याय मंडळ प्राथमिक पारख करतं आणि खटला मोठ्यांसारखा चालवायला बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप मात्र देता येत नाही. कोयत्याच्या बहुतेक घटनांमध्ये खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागतं. त्याला किमान शिक्षा नसल्यामुळे तो या वर्गात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये कायद्याचा अर्थ असाच लावला.

वय आणखी खाली आणा, ही मागणी मला मान्य नाही. सोळा वर्षांच्या मुलाला तुरुंगात सराईतांबरोबर ठेवलं, तर तो विशीत कोण होऊन बाहेर येईल? वय सोळा केलं, की भाई चौदाची पोरं शोधेल.

सुटून आलेल्या मुलाला नोकरी मिळते का? पोलीस पडताळणीचं काय?

बाल न्याय अधिनियमाचं कलम २४ स्पष्ट आहे : या कायद्याखाली कारवाई झालेल्या मुलाला त्या कारणाने पुढे अपात्र ठरवता येत नाही आणि ठरावीक मुदतीनंतर नोंदी नष्ट करायच्या असतात. गंभीरातल्या गंभीर गुन्ह्यात बाल न्यायालयाने दोषी ठरवलेली सोळा वर्षांवरची मुलं यात येत नाहीत. कलम ७४ नुसार मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता छापायलाही बंदी आहे. तरीही परिसरात कुठेही राडा झाला, की पहिली हाक त्याच्याच दारावर येते. लग्न ठरत नाही, घरमालक खोली देत नाही. येरवड्याच्या निरीक्षणगृहातून परत आलेल्या मुलाला वस्तीत पहिल्या आठवड्यात कोण भेटायला येतं, यावर पुष्कळ काही ठरतं. टोळीची पोरं पहिल्या दिवशीच येतात.

मुलीही यात असतात का?

संख्येने फार थोड्या. पण हत्यार लपवणं, निरोप पोचवणं यासाठी त्यांना वापरलं जातं. त्यांतल्या अनेक मुली स्वतःच अत्याचारातून आलेल्या असतात. तिथे मदतीचा विचार आधी व्हायला हवा.

दुसऱ्या एखाद्या शहरात काही उपाय चालला आहे का?

हो. शिकागोमध्ये २०१२ च्या उन्हाळ्यात हिंसाचारग्रस्त भागांतल्या शाळकरी मुलांना आठ आठवड्यांचं अर्धवेळ पगारी काम आणि सोबत एक मोठा मार्गदर्शक देण्यात आला. सोळाशेच्या वर मुलांमध्ये चिठ्ठी टाकून निवड केली होती, म्हणून तुलना चोख झाली. पुढच्या सोळा महिन्यांत काम मिळालेल्या गटात हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४३ टक्क्यांनी कमी होत्या. ग्लासगोमध्ये चाकूहल्ले बोकाळले होते. तिथल्या पोलिसांनी २००५ मध्ये स्वतंत्र विभाग काढला आणि हिंसेकडे साथीच्या रोगासारखं बघायला सुरुवात केली : डॉक्टर, शिक्षक, समाजसेवक, माजी टोळीवाले सगळे एकत्र. पोलिसी धाकही होता, पण सोबत बाहेर पडायचा रस्ताही दाखवला गेला.

आपल्याकडे तडीपारी आहे, मोक्का आहे, रस्त्यावरून काढलेली धिंड आहे. त्यातल्या धिंडीला कायद्यात जागाच नाही, आणि मुलाच्या बाबतीत तर ती सरळ गुन्हाच ठरते.

पोलिसांनी मुलाला नेलं आहे. आत्ता, या क्षणी काय करायचं?

वयाचा पुरावा शोधा : जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला. तो नसेल तर मुलाला मोठ्यांत धरलं जाण्याची भीती असते. अठरा वर्षांखालच्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत आणि २४ तासांत बाल न्याय मंडळासमोर हजर करावं लागतं. ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याला भेटा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, त्यासाठी १५१०० वर फोन करा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. भाईने पाठवलेल्या वकिलाला नम्रपणे नकार द्या. अवघड आहे, पण त्याच रात्री द्या.

मुलगा शाळा सोडून कोपऱ्यावर बसतो. अजून काही केलेलं नाही. आता काय करता येईल?

रस्ते आहेत, माहीत नसतात एवढंच. शाळा सुटलेल्या मुलाला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. आयटीआयला चौदा वर्षं पूर्ण झाली की प्रवेश मिळतो आणि वेल्डर, वायरमनसारखे काही ट्रेड दहावी पास नसलेल्यांसाठीही आहेत. शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ चौदा वर्षांवरच्या मुलाला विद्यावेतनासह, धोकादायक नसलेल्या कामात घेऊ देतो. तुमचं गॅरेज, छापखाना किंवा बेकरी असेल, तर आपल्या गल्लीतला एक मुलगा रीतसर ठेवता येईल का ते विचारा. मंडळाकडे वर्गणी असेल, तर फ्लेक्सचा खर्च कमी करून चार मुलांच्या १७ नंबरच्या फॉर्मची फी भरा. फॉर्म दरवर्षी ठरावीक मुदतीतच निघतात. जवळच्या माध्यमिक शाळेत जाऊन यंदाची तारीख विचारून ठेवा आणि जाताना मुलालाही बरोबर न्या.